थंडी : उत्तरेकडील अरण्यांची राखणदार



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गावर मी भूगोलाचा तास घेत होतो. मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. परंतु आपल्याकडील शाळांत इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय बहुधा एकाच शिक्षकाच्या वाट्याला येतात, हे आपण जाणताच. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता. सैबेरियापासून कॅनडापर्यंत पसरलेला सूचिपर्णी अरण्यांचा पट्टा मी पट्टीने दाखवीत होतो. तेथला सहा-सहा, सात-सात महिन्यांचा हिवाळा, शून्याखाली चाळीस-पन्नास अंश उतरणारा पारा, असे वर्णन चालू असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला. तो म्हणाला, "सर, पृथ्वीचे तापमान वाढत आहे असे म्हणतात. मग या झाडांचे तर भलेच होईल ना? एवढ्या थंडीतून त्यांची सुटका होईल."

प्रश्न ऐकून मला बरे वाटले. उत्तरही सरळ दिसत होते. मी म्हणालो, "होय, तसेच म्हणावे लागेल." घंटा झाली आणि तो विषय तेथेच संपला.

पुढे या विषयावर थोडेफार वाचन घडले आणि माझे उत्तर साफ चुकीचे होते हे मला कळून आले. तोवर तो विद्यार्थी शाळा सोडून गेला होता. शिक्षकाने वर्गात दिलेले चुकीचे उत्तर म्हणजे विद्यार्थ्याचे देणेच होय. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा हे देणे फेडावे असे मी ठरविले.

मोठ्यांनाही तसेच वाटले होते

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या विद्यार्थ्याला जे वाटले, तेच एके काळी मोठमोठ्या विद्वानांनाही वाटले होते. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हातानेच आकडेमोड करून दाखविले की, हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. दगडी कोळसा जाळल्याने हा वायू वाढत जाईल, हेही त्यांनी ओळखले. पण त्यांना त्याची भीती वाटली नाही. ते स्वतः थंड देशाचे रहिवासी. हवामान सौम्य होईल, विशेषतः थंड प्रदेशांत पिके अधिक येतील, अशी त्यांची आशा होती.

त्यानंतर १९३८ साली गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने जगभरातील १४७ ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी एकत्र करून पृथ्वी खरोखरच तापू लागली आहे असे दाखविले. त्यांनीही हे मानवाच्या हिताचेच मानले. शेतीची सीमा उत्तरेकडे सरकेल, हिमयुग पुन्हा येण्याचे टळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोघांची आकडेमोड आजही आदराने सांगितली जाते. तापमान का वाढेल हे त्यांनी बरोबर सांगितले. मात्र त्या वाढीने थंड प्रदेशाचे काय होईल, याविषयीची त्यांची आशा पुढच्या काळात खरी ठरली नाही. थंडी ही त्या प्रदेशाची शत्रू आहे, असे त्यांनी गृहीत धरले होते. वस्तुतः ती तेथील अरण्याची राखणदार होती. राखणदार निघून गेल्यावर वाड्यात काय काय शिरते, ते गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात पाहावयास मिळते.

अरण्य आणि त्याची राखण

रशिया, कॅनडा, अलास्का, फिनलंड, स्वीडन व नॉर्वे एवढ्या विस्तीर्ण भूमीवर हे अरण्य उत्तर ध्रुवाभोवती मेखलेसारखे पसरले आहे. जगातील एकूण वनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश वने एवढ्या पट्ट्यात येतात. स्प्रूस, फर, पाइन आणि लार्च हे येथील मुख्य वृक्ष. आपला त्याच्याशी काही संबंध नाही असे समजू नये. भारतातील वर्तमानपत्रांना लागणाऱ्या कागदाचा काही भाग वर्षानुवर्षे कॅनडा आणि रशियातून येत आला आहे. सकाळी आपण जे पान उलटतो, ते एखादे वेळी त्या झाडांचेच असू शकेल.

या अरण्यात थंडी चार कामे करीत असे. झाडे पोखरणाऱ्या किड्यांना ती दर हिवाळ्यात मारून टाकी. बर्फ उशिरापर्यंत टिकवून ती वणव्याचा मोसम आखूड ठेवी. कित्येक ठिकाणी जमीन बारा महिने गोठलेली ठेवून ती झाडांच्या मुळांना घट्ट आधार देई. आणि गळलेली पाने, मेलेली खोडे व शेवाळ कुजू न देता त्यांतील कार्बन ती हजारो वर्षे जमिनीत सांभाळून ठेवी. ही जणू पृथ्वीची अमानतच होती.

आता त्या थंडीचे काय झाले ते पाहा. कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९४८ ते २०१६ या काळात त्या देशाचे सरासरी तापमान १.७ अंशांनी वाढले. ही वाढ जगाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट आहे. एकट्या हिवाळ्याचा हिशेब केला तर वाढ ३.३ अंशांची आहे. म्हणजे सर्वांत जास्त ऊब नेमकी राखणदाराच्या पहाऱ्याच्या वेळी, हिवाळ्यात वाढली.

तांदळाच्या दाण्याएवढा शत्रू

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तेथील डोंगराळ भागात लॉजपोल पाइन या सरळसोट वृक्षाची अफाट राने आहेत. या पाइनच्या सालीखाली एक काळा भुंगेरा राहतो. आकाराने तो तांदळाच्या दाण्याएवढा. तो काही नवा आलेला नाही. पाइन आणि भुंगेरा यांचे वैर फार जुने आहे. भुंगेरा साल पोखरू लागला की झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलते. पण हजारो भुंगेरे एकदम तुटून पडले की झाडाची राळ पुरत नाही. शिवाय भुंगेऱ्याबरोबर एक निळी बुरशी आत शिरते आणि ती झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते. वर्षभरात हिरवे झाड तांबडे होते, आणि पुढे सर्व पाने गळून राखाडी खांब तेवढा उभा राहतो.

या भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली हिवाळा काढतात. थंडी सोसता यावी म्हणून त्यांच्या शरीरात ग्लिसरॉलसारखे द्रव्य तयार होते. भर हिवाळ्यात त्या मोठ्या प्रमाणावर मरावयाच्या तर पारा उणे चाळीसच्या आसपास जाऊन काही दिवस तेथे राहावा लागतो. पूर्वी असे हिवाळे वरचेवर येत. नव्वदच्या दशकापासून ते दुर्मीळ झाले. अळ्या वाचू लागल्या, आणि वाचलेल्या अळ्यांचे थवे झाले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मोठ्या घटनेला एकच कारण क्वचितच असते. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी शेकडो वर्षे ठरावीक वेळी लहान लहान आगी लावून रान साफ करीत असत. ब्रिटिश कोलंबियात १८७४ च्या कायद्याने अशा आगींवर निर्बंध आले, आणि पुढे विसाव्या शतकात तर लागलेली प्रत्येक आग विझविण्याचेच धोरण राहिले. त्यामुळे एकाच वयाची म्हातारी पाइन झाडे मैलोनमैल उभी राहिली, आणि भुंगेऱ्याला अशीच झाडे आवडतात. माणसाने पंगत मांडून ठेवली होती आणि उबदार हिवाळ्याने दार उघडले, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरून होईल.

नव्वदच्या दशकात सुरू झालेली ही साथ २००५ च्या सुमारास कळसाला पोहोचली. सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर रानाला तिची झळ लागली. त्या प्रांतातील विक्रीयोग्य पाइन लाकडापैकी निम्म्याहून अधिक झाडे मेली. आरंभी मेलेले लाकूड लवकर तोडून घेण्यासाठी सॉ मिलना भरपूर काम मिळाले. पण हे लाकूड काही वर्षांत तडकून निकामी होते. ते संपत आले तेव्हा गिरण्यांना पुरेल एवढे हिरवे रान उरले नाही. २०१४ साली क्वेस्नेल आणि ह्यूस्टन या गावांतील एकेक सॉ मिल कायमची बंद झाली. ज्या गावाचा संसार एका गिरणीवर चालतो, तेथे गिरणी बंद पडल्यावर घरोघर काय होते हे गिरणगावाची हकिकत ठाऊक असलेल्या आपल्या पालकांना मी वेगळे सांगावयास नको.

भुंगेरा तेवढ्यावर थांबला नाही. पूर्वेच्या बाजूला रॉकी पर्वताची थंडगार भिंत आहे. ती त्याला ओलांडता येणार नाही असा भरवसा होता. २००६ च्या उन्हाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन त्याचे प्रचंड थवे अल्बर्टा प्रांतात उतरले. जॅक पाइन या दुसऱ्या जातीच्या झाडांतही तो शिरला असल्याचे २०११ साली निश्चित झाले. हे झाड थेट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलेले आहे.

या सर्वाचा हवेवर काय परिणाम झाला? कॅनडाच्या वनखात्यातील शास्त्रज्ञांनी २००८ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचा हिशेब मांडला. महाराष्ट्राहूनही मोठ्या अशा ३ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर प्रदेशात २००० ते २०२० या काळात या भुंगेऱ्यामुळे सुमारे २७ कोटी टन कार्बनचा फटका बसेल असा तो अंदाज होता. जे अरण्य हवेतील कार्बन शोषून घेत होते, तेच आता कार्बन बाहेर टाकू लागले होते.

वणवा

आग ही या अरण्याला अपरिचित नाही. उलट लॉजपोल आणि जॅक पाइन यांची बरीचशी फळे राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, फळ उघडते आणि बी राखेत पडते. तेथेच नवे रान उगवते. १९५० साली अल्बर्टा व ब्रिटिश कोलंबियात एवढा मोठा वणवा पेटला होता की, त्याच्या धुराने युरोपातसुद्धा सूर्य निळा दिसला. तेव्हा "पूर्वी वणवे लागत नव्हते" असे जर कोणी म्हणेल तर ते खरे नाही.

फरक पडला तो वेळेचा आणि वारंवारतेचा. बर्फ लवकर वितळतो, जमिनीवरचा पालापाचोळा लवकर सुकतो आणि आगीचा मोसम लांबतो. जळालेल्या जागी उगवलेली झाडे बी धरण्याच्या वयाला येण्यापूर्वीच तेथे पुन्हा आग लागली, तर राखेत पडावयास बी राहत नाही. मग पाइनच्या जागी गवत आणि झुडपे येतात.

मे २०१६ मध्ये अल्बर्टातील फोर्ट मॅकमरी या शहरात काय घडले ते पाहा. मे महिन्याच्या आरंभी तेथे आपल्या नोव्हेंबर-डिसेंबरपेक्षाही थंड हवा असावयाची. त्या वर्षी ३ मे रोजी तापमान ३२ अंशांवर गेले आणि वणवा शहरात घुसला. सुमारे ८८,००० लोकांना घरे सोडावी लागली. गाव सोडून जाण्याच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे जळत होती. सुमारे २,४०० इमारती जळून गेल्या आणि जवळजवळ ५ लाख ९० हजार हेक्टर प्रदेश आगीखाली आला. ही आग जमिनीच्या पोटात एवढी खोल शिरली होती की, हिवाळ्याच्या बर्फाखालीही ती धुमसत राहिली. ती पूर्ण विझल्याचे ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी जाहीर झाले.

२०२३ साली तर कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून अधिक प्रदेश जळाला. त्याआधीच्या सर्वांत वाईट वर्षाच्या हा सुमारे दुप्पट होता. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ कोटी हेक्टरांच्या थोडे वर आहे. अर्धा महाराष्ट्र जळाला अशी कल्पना करा, म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानात येईल. ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे सुमारे वीस हजार वस्तीचे शहर रिकामे करावे लागले. त्याआधी जून महिन्यात शेकडो मैल दूर असलेल्या न्यूयॉर्कचे आकाश धुराने नारिंगी झाले होते.

पायाखालची जमीन

आता नकाशावर पूर्वेकडे, सैबेरियात जाऊ. तेथील लार्चची अरण्ये अशा जमिनीवर उभी आहेत की, जी वरचा थोडासा थर सोडला तर उन्हाळ्यातही गोठलेलीच राहते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ही जमीन वितळू लागली की झाडांच्या मुळांचा आधार सुटतो. झाडे वाटेल तशी कलतात, जणू तोल गेलेल्या माणसांची रांग उभी आहे. काही ठिकाणी जमीन खचून तळी होतात आणि उभी झाडे पाण्यात मरतात.

याकुतिया प्रांतातील वेर्खोयान्स्क हे जगातील अतिथंड गावांपैकी एक. १८९२ साली तेथे उणे ६७.८ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्याच गावी २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला एवढे तापमान यापूर्वी नोंदले गेलेले नाही, असे जागतिक हवामान संघटनेने पुढच्या वर्षी मान्य केले. ३८ अंश म्हणजे आपल्याकडील ऐन एप्रिलची दुपार.

त्याच भागात बातागाइका नावाची एक प्रचंड घळ आहे. साठच्या दशकात तेथील थोडेसे रान तोडण्यात आले. सावली गेली, ऊन जमिनीला लागले आणि गोठलेली जमीन वितळून खचू लागली. झाडे तोडणारी माणसे निघून गेली, पण खचणे थांबले नाही. आज ती घळ सुमारे एक किलोमीटर लांब झाली असून अजून वाढतेच आहे. या उत्तरेकडील गोठलेल्या जमिनीत एकूण जेवढा कार्बन साठलेला आहे, तो आज हवेत असलेल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट भरतो. तो सर्व एकदम बाहेर येईल असे नाही. परंतु जेवढा येईल तेवढा हवेला आणखी तापवील, आणि ती तापलेली हवा आणखी जमीन वितळवील.

भले काहीच झाले नाही काय?

न्यायाने बोलावयाचे तर काही ठिकाणी झाडांना लाभही झाला आहे. वाढीचा मोसम लांबला, अरण्याची उत्तर सीमा काही भागांत पुढे सरकली, आणि जेथे पाणी पुरेसे आहे तेथे हिरवाई वाढली. पण ऊब वाढली की तहानही वाढते. अलास्काच्या अंतर्भागातील व्हाइट स्प्रूस वृक्षांच्या खोडांतील वलये तपासली असता, उष्ण व कोरड्या उन्हाळ्यांत त्यांची वाढ खुंटलेली आढळली. शिवाय झाड हे काही बिऱ्हाड हलवून उत्तरेकडे जाऊ शकत नाही. त्याचे बी जाते, तेही पिढ्यांच्या गतीने. भुंगेरा मात्र एका उन्हाळ्यात पर्वत ओलांडतो, आणि आग एका दुपारी शहर गाठते.

हा हिशेब आपलाही आहे

पालकहो, हे सर्व हजारो मैलांवर घडले, मग आपण त्याची चिंता का करावी, असे आपणास वाटेल. हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जात आहे. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. त्या आलेखात दर वर्षी एक चढ आणि एक उतार दिसतो. उत्तर गोलार्धातील अरण्ये आणि रानेवने उन्हाळ्यात पाने फुलवून वायू शोषतात, म्हणून उतार. हिवाळ्यात तो परत सोडतात, म्हणून चढ. म्हणजे पॅसिफिक महासागरातील एका बेटावर उत्तरेच्या अरण्यांचा श्वास ऐकू येतो. हवेला सरहद्द नसते. तेथे जे सुटते ते आपल्या पावसाच्या आणि उन्हाच्या हिशेबातही येते.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, परंतु टाळणे योग्य होणार नाही. फोर्ट मॅकमरी हे तेल काढणाऱ्यांचे शहर आहे. जी माणसे तेथून जळत्या रस्त्याने बाहेर पडली, त्यांतील पुष्कळजण तेलाच्या कामावर पोट भरणारे होते. आपल्या समाजातीलही कित्येक घरांची चूल आखाती देशांतील पगारावर पेटली, कित्येक मुलांची फी त्याच पैशातून भरली गेली. त्या कष्टाच्या कमाईला मी नावे ठेवीत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, दोष दुसऱ्याच्या दारात टाकून मोकळे होता येईल असा हा प्रश्न नाही. ज्या पिढीला तेलाने शिकविले, त्या पिढीच्या मुलांनी तेलावाचून जग कसे चालेल हे शोधून काढावे, यात कृतघ्नपणा नाही. उलट शिक्षणाचे सार्थक त्यात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, दहावी-बारावीनंतर डॉक्टर आणि इंजिनिअर याखेरीज दुसरे काही असते हे आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. वनशास्त्र, हवामानशास्त्र, भूगर्भशास्त्र, कीटकशास्त्र ही शास्त्रेही आहेत. तांदळाएवढ्या भुंगेऱ्याच्या अळीला किती थंडी सोसते, हे कोणीतरी वर्षानुवर्षे मोजत बसले, म्हणून लाखो हेक्टर रान का मेले ते जगाला समजले. आज कॅनडात मूळ रहिवाशांची रान साफ करण्याची जुनी पद्धत वनाधिकारी पुन्हा त्यांच्याकडूनच शिकून घेत आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ज्या ज्ञानावर कायद्याने बंदी घातली, त्याचाच शोध आता चालला आहे. असे कितीतरी काम बाकी आहे, आणि ते तुमच्यापैकी कोणीही करू शकेल.

शेवटी माझ्या त्या विद्यार्थ्यास. बेटा, तू आज कोठे आहेस मला ठाऊक नाही. ही स्मरणिका घरोघर जाते, तेव्हा कदाचित तुझ्याही हाती पडेल. तू विचारले होतेस की, थंडीतून सुटका झाली तर त्या झाडांचे भलेच होईल ना? त्याचे उत्तर असे की, नाही. ती झाडे थंडीच्या कैदेत नव्हती, तिच्या आसऱ्याला होती. त्या दिवशी मी घाईने "होय" म्हणालो, ते दुरुस्त करून घे. प्रश्न मात्र तू उत्तम विचारला होतास, तेवढे त्याच दिवशी सांगावयास हवे होते.